चिंधीखालची शीर

श्रावण, नागपंचमीनंतरचा पहिला रविवार. सुरतेच्या गोडादऱ्यातलं आमचं घर, वरचा मजला. हजर: मी, शोभा. माझे यजमान, ज्यांना सगळे भाऊबंद नाना म्हणतात आणि ऐकून ऐकून मीही तेच म्हणते. मुलगी नेहा. चलथाणहून आलेला धाकटा दीर सुरेश आणि त्याची बायको मंगल. गैरहजर: सासूबाई, त्या गेल्या वर्षी वारल्या. मध्यभागी चौरंगावर कानबाई, म्हणजे नथ, डोळे आणि हिरवा खण लेवून बसलेला नारळ. आम्हा खानदेशी लोकांची ही एका रात्रीची पाहुणी. आज आली, उद्या सकाळी जाणार.

हजेरी घ्यायची सवय शाळेतली. मी मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि घरातलं कामही यादीवरच चालवते. गहू निवडले, दळून आणले. गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, चिरून झालं. रोटांची कणीक मंगलने मळली. फुलं नेहाने पर्वत पाटियाच्या बाजारातून आणली. वाजंत्रीवाल्याला वेळ सांगितली, दोनदा सांगितली, कारण तो एकदा सांगून येत नाही. एक काम सोडून सगळ्यावर खूण झाली आहे. उद्या चौरंग डोक्यावर घेऊन कालव्यापर्यंत कोणी न्यायचा, ते अजून ठरायचं आहे. आमच्या भाऊबंदात तो घरातला थोरला नेतो, दोन्ही हात वर करून, घट्ट धरून. थोरले म्हणजे नाना. आणि नानांच्या उजव्या हातात एक शीर आहे, तिच्या जिवावर ते जगतात.

त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी आहेत. आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त धुवून घ्यावं लागतं. यंत्राला रक्त भरपूर आणि जोरात लागतं. हाताच्या धमनीत तो जोर असतो, पण ती खोल, आणि तिला रोज रोज टोचता येत नाही. वर दिसते ती निळी शीर टोचायला सोपी, पण तिच्यात जोर नाही. म्हणून डॉक्टर हातात एका जागी दोघींना उघडून एकमेकींना जोडून देतात. धमनीचा लोंढा शिरेत घुसतो. शीर महिना-दोन महिने तो मार सोसते, फुगते, जाड होते आणि मग सुया घ्यायच्या लायकीची होते. दवाखान्यात याला फिस्टुला म्हणतात. बाकड्यावर बसलेले पेशंट एकमेकांना विचारतात, "पिकला का तुमचा?" जसं आंब्याच्या अढीबद्दल विचारावं.

याच आठवड्यात वर्गात रक्ताभिसरणाचा धडा होता. दरवर्षी तो श्रावणाच्या आसपासच येतो. खिडकीच्या गजांना पाणी लटकलेलं असतं, खडू दमट झालेला असतो आणि फळ्यावर ओढला की किंचाळतो. मी दोन वर्तुळं काढते. एक लहान, जाड भिंतीचं, नीट गोल. दुसरं मोठं, पातळ भिंतीचं, थोडं बसलेलं. पहिल्याला लाल, दुसऱ्याला निळा खडू.

"बाई, दोन्ही नळ्याच ना? मग दोन नावं कशाला?" मागच्या बाकावरून एकीने विचारलं.

"घरी पाण्याचा लोखंडी पाइप असतो आणि सायकलची ट्यूब असते. दोन्ही नळ्याच. पाइप काढून ट्यूब लाव, बघ काय होतं."

"बाई, आमच्या गल्लीत ट्यूबनेच पाणी भरतात!"

वर्ग हसला. मीही हसले. मग म्हटलं, "आणि त्या ट्यूबवर कोणी पाय दिला तर?"

"पाणी बंद."

"आणि पाइपवर?"

उत्तर सगळ्यांना आलं. मी पुढच्या मुद्द्याकडे वळले: शिरेत झडपा असतात, धमनीत नसतात. पण खडू धरलेला हात जरा थांबला, तो मुलींनी पाहिला असावा.

पूर्वी एका वर्षी मी लिंबायतच्या खाटकाकडून बोकडाचं हृदय आणलं होतं, नळ्यांसकट. तो म्हणाला, "दिल किसलिए बेन? पकाने?" मी म्हटलं, "पढाने." त्याने पैसे घेताना दोनदा माझ्याकडे पाहिलं. वर्गात मुलींनी नाकाला ओढण्या लावल्या आणि मग सगळ्यात पुढे त्याच येऊन उभ्या राहिल्या. मी धमनीत पेन्सिल घातली, बाहेर काढली. तोंड तसंच, गोल. शिरेतून पेन्सिल काढली तशी ती ओल्या फडक्यासारखी मिटली. रिकामी झाल्यावरही जी आपला आकार धरून राहते ती धमनी. आत रक्त आहे तोवरच जिला आकार असतो ती शीर. हे मी वहीत लिहून दिलं. परीक्षेला असं काहीतरी येतंच, आणि मुलं बरोबर लिहितात.

असे फरक शिकवणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. श्रावणात तर ते स्वयंपाकघरातही चालू असतं. उपासाला ताटात बटाटा आणि रताळं शेजारी शेजारी बसतात, दोन्ही मातीखालची, दोन्ही पिठूळ, आणि नेहा लहान असताना दोन्हींना बटाटाच म्हणायची. बटाटा हे खोड, त्याच्यावर डोळे असतात. रताळं हे मूळ. आता नानांसाठी दोन्ही सारखीच: सोलायची, बारीक चिरायची, पाण्यात भिजत घालायची, पाणी फेकायचं, पुन्हा उकळून पुन्हा पाणी फेकायचं, म्हणजे त्यातलं पोटॅशियम थोडं निघून जातं. जे उरतं त्याला चव नसते. नाना खातात आणि म्हणतात, "बाई, हे खोड आहे की मूळ?" मी सांगते. "चव दोन्हींची तुमच्या शाळेच्या खडूसारखीच," ते म्हणतात.

चौरंगाचा हा प्रश्न पहिल्यांदा आला तो श्रावण दोन वर्षांमागचा.

पहिला फिस्टुला तेव्हा डाव्या हातात केला होता, मनगटाच्या जरा वर. तो पिकेपर्यंत यंत्रासाठी गळ्याच्या शिरेत नळी घातलेली. घरात डेटॉलचा आणि अगरबत्तीचा असा एकत्र वास भरून असायचा, की आजही कुठे अगरबत्ती लागली की मला पट्टीचा कापूस आठवतो. ढग खाली आलेले, कपडे वाळत नव्हते. जिना ओला. गल्लीतल्या लूमच्या खात्यांचा, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यांचा, आवाज भिंतीतून येत होता. नाना पंचवीसेक वर्षं त्या आवाजात राहिलेले. खात्यात ते मास्तर होते, म्हणजे बंद पडलेलं लूम नुसत्या आवाजावरून ओळखून दुरुस्त करणारा माणूस. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्यांचा उजवा हात उचलून डाव्या मनगटावर ठेवला आणि विचारलं, "काही कळतं?"

नानांनी डोळे मिटले. "डॉक्टरसाहेब, हे तर लूम चालू झालं."

खरंच तसं होतं. कातडीखाली बारीक, अखंड घरघर. नाडीचे ठोके सुटे असतात. हे सुटं नव्हतं. मांजर मांडीवर झोपल्यावर तिच्या पोटातून येतं तसं. तिथल्या गुजराती सिस्टरने मला बाजूला घेतलं. "धुजारी लागे छे ने बेन? रोज सवारे हाथ मूकीने जोवानुं. धुजारी बंध थाय तो तरत आववानुं." रोज सकाळी हात ठेवून ती थरथर बघायची, बंद झाली तर लगेच यायचं, हे मी तिथेच यादीत लिहिलं. डाव्या हाताने वजन उचलायचं नाही. त्यावर झोपायचं नाही. घड्याळ, दोरा, घट्ट बाही नाही. त्या हाताला प्रेशर मोजायचं नाही, सुई टोचू द्यायची नाही. कागद फ्रिजवर लावला. रोज सकाळी चहाआधी नाना हात पुढे करायचे, मी बोटं ठेवायची, आणि ते म्हणायचे, "खातं चालू आहे. लाइट गेलेली नाही."

सुरेश तेव्हा खालच्याच गल्लीत राहत होता. दोघा भावांमध्ये आठ वर्षांचं अंतर, पण चण तीच, चाल तीच, मागून पाहिलं तर मीही फसायचे. खात्यातला शेठ सुरेशला "नाना" म्हणून हाक मारायचा आणि सुरेश ओ द्यायचा. किडनी द्यायला तो स्वतःहून पुढे आला होता. "एक काढी घ्या, दुसरी शे ना!" असं त्याने डॉक्टरांना अहिराणीतच सांगितलं, जणू वखारीतून पोतं काढायचं आहे. रक्तगट जुळला नाही. वर सुरेशची स्वतःची साखर वाढलेली निघाली. रिपोर्ट हातात घेऊन तो दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिला. म्हणाला, "वैनी, आम्ही दोघं एका मायना पोटना. असं कसं काय?" मी त्याला रक्तगटाचं समजावलं. मान हलवली त्याने. समजलं होतं, पटलं नव्हतं.

कानबाई आली. सासूबाई खाटेवरून हुकूम सोडत होत्या. दिवे कणकेचेच हवेत, पुरण वाटलेलंच हवं, मिक्सर चालणार नाही. चौरंगाचा विषय निघाला तेव्हा मी डॉक्टरांचं सांगणं पुढे केलं. नाना म्हणाले, "वजन डोक्यावर असतं. हात नुसते धरायला."

"तुम्ही नुसते धरत नाही. गल्लीत नाचवता."

"यंदा नाही नाचवत."

सासूबाई म्हणाल्या, "नाना मोठा शे. देवी त्यानाच डोकावर जाई. ती सांभाळी लेई त्याले." मी म्हटलं, सुरेशला घेऊ द्या, देवीला दोघं सारखेच दिसतील. त्या हसल्या. बोळक्या तोंडाचं त्यांचं हसू मोठं गोड होतं. "तुले दिसतस सारखा. माले नही." शेवटी ठरलं, की नानाच घेतील, पण डाव्या हाताने फक्त टेकू, धरायचं उजव्याने, आणि सुरेश डाव्या बाजूला चिकटून चालेल.

सोमवारी सकाळी मी बायकांबरोबर पुढे होते. पुढे वाजंत्री, मग फुगड्या, मग कानबाई. मागे जिन्यात काय झालं ते मला नंतर कळलं.

खात्यात बीम उचलायचं असतं तेव्हा, म्हणजे ताण्याचा तो लांब जड रूळ, कारीगर मनगटाच्या वर साडीच्या कडेची पट्टी घट्ट आवळून बांधतात. त्याने हाताला जोर येतो, तो थरथरत नाही, असं सगळे मानतात. नानांनी स्वतः कितीतरी नव्या पोरांना ती बांधायला शिकवली होती. सुरेशलाही. जिन्यात नानांनी चौरंग उचलायला हात वर केले आणि सुरेशला डाव्या हाताची ती जागा कातडीखाली उडताना दिसली. चौरंगाची कड तिथे घासली तर? हात दगा देऊन गेला तर? त्याने खिशातून पट्टी काढली. नारिंगी, जरीची. ती त्याने तिथे, बरोबर तिथेच, जपून, सुरकुती न पडू देता, आवळून बांधली. नाना म्हणाले, "जरा सैल कर." तो म्हणाला, "सैल व्हयनी ते काय कामनी?" खात्यातलं नानांचंच वाक्य त्याने नानांना परत केलं, आणि दोघं हसले.

सुरेश निष्काळजी नव्हता, हे मी सगळ्यांना सांगते. रस्त्यात जिथे जिथे मिरवणूक थांबली तिथे त्याने नानांच्या मनगटावर बोटं ठेवून नाडी पाहिली. चालू होती. कोपऱ्यावर पाहिली, चालू होती. कालव्याच्या कठड्याशी पाहिली, तिथेही चालू.

घरी आल्यावर नानांना अर्धा कप ताक दिलं, त्यांना तेवढंच पाणी परवडत होतं, आणि सवयीने मी हात मागितला. तेव्हा पट्टी दिसली. सोडली. तिच्या विणीची नक्षी कातडीवर उमटली होती, जरीचे टिपकेसुद्धा. मी बोटं ठेवली. जागा बदलली. पंखा बंद करायला सांगितला, जणू काही पंख्याच्या आवाजाने बोटांना ऐकू येणार नव्हतं. कातडीखालचं ते मांजर उठून गेलं होतं.

"काय वैनी?"

"घरघर लागत नाही."

"नाडी चालू शे ना! हाई पहाय, ठकठक करी ऱ्हायनी!" त्याने माझी बोटं धरून खाली मनगटावर ठेवली.

नाडी चालू होती. त्याचं अगदी बरोबर होतं. धमनी तिचं काम करत होती, कारण जाड भिंतीच्या नळीला साडीच्या पट्टीचं काय वाटणार? शेजारच्या शिरेला, जिला मुळात असलं काम कधी सांगितलंच नव्हतं, जी जेमतेम महिन्याभरापूर्वी धमनीच्या जागी उभी केली होती, तिला त्या पट्टीने मिटवून टाकलं होतं आणि आतलं रक्त गोठलं होतं. बंद दारावर ठोठावावं तशी धमनी ठकठक करत होती. सुरेश ते दार उघडं असल्याची खूण समजला. वरून पाहिलं तर हातात दोन नसा, बोट लावलं तर हात जिवंत. त्याने कोणती खूण पाहायची होती, हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. खात्यात इतकी वर्षं पट्टी बांधून कोणाचंही काही बिघडलं नव्हतं.

रिक्षा, पाऊस, दवाखाना. डॉक्टरांनी प्रयत्न केला, गाठ काढून पाहिली, रक्त पुन्हा धावलं आणि पुन्हा थांबलं. बाहेर येऊन ते म्हणाले, "ही शीर आधीच बारीक होती. पट्टीने झालं की तसंच झालं असतं, नक्की कोणी सांगू शकणार नाही." मी ते वाक्य सुरेशला शब्दशः सांगितलं. नानांनी सांगितलं. सासूबाईंनी त्याला जवळ बसवून घेतलं, पाठीवरून हात फिरवला. "तू जपीसनच बांधं ना रे पोरा." त्याने सगळ्यांचं ऐकलं. दिवाळीनंतर त्याने चलथाणला भाड्याने खोली घेतली. साखर कारखान्याच्या बाजूला काम मिळालं, असं कारण सांगितलं. पुढच्या श्रावणात सासूबाईंचं सुतक होतं, कानबाई बसली नाही.

दुसरा फिस्टुला उजव्या हातात आहे, कोपराच्या वर. नानांचा कामाचा हात. आता तो पिकून दोरखंडासारखा झाला आहे, कोपरापासून काखेकडे जाणारा, दोन ठिकाणी फुगलेला, सुयांच्या खुणांनी भरलेला. त्याची घरघर बाहीवरूनही कळते. बसमध्ये एकदा शेजारच्या बाईने तो पाहून पदर ओढून घेतला. धमनीसारखं वागून वागून ती शीर दिसायलाही धमनीसारखी झाली आहे. जाड, लवचीक, हट्टी. पण डॉक्टर म्हणतात, हिच्यावर भरवसा ठेवायचा नाही. जातीची ती शीरच. दाबली तर मिटणारच. हिच्यानंतर काय, असं मी विचारलं होतं. काही उपाय आहेत म्हणाले, मांडीत, छातीत, प्लास्टिकची नळी. सांगताना त्यांचा आवाज खाली खाली येत गेला. नानांना तिसरा हात नाही, एवढं मी त्यातून घेतलं.

मला उपमा फारशा आवडत नाहीत. मुलं निबंधात आईला कल्पवृक्ष म्हणतात तेव्हा मी खाली रेघ मारते. पण गेले काही दिवस मनात सारखं येतं, की बाहेरून पाहणाऱ्याला नाना तेच आहेत. तीच मिशी, तोच पांढरा शर्ट, तीच "काय रे भाऊ" म्हणून मारलेली थाप. लोक म्हणतात, "तब्येत झकास दिसतेय नाना!" आणि ते "देवीची कृपा" म्हणतात. आत सगळी जोडाजोड नवी आहे. त्यांनी खातं सोडलं. मीठ सोडलं. आंबा सोडला, आणि सुरतेत राहून आंबा सोडणं म्हणजे काय ते इथल्या माणसालाच विचारावं. पाणी मोजून पितात. यातलं प्रत्येक सोडणं त्यांना सांगायला मीच गेले होते, कागद हातात घेऊन, आणि त्यांनी दर वेळी "लिही, लिही" म्हटलं. एवढं सगळं काढून घेतल्यावरही माणूस आपला आकार धरून राहतो का, हे मी बोकडाच्या हृदयावर तपासलं होतं. नवऱ्यावर तपासायची हिंमत नाही.

सुरेश काल संध्याकाळी आला. नानांना वाकून नमस्कार केला, पण पायांना बोटं टेकली नाहीत. दोन वर्षांत त्याने नानांना हात लावलेला नाही. चहाचा ग्लास द्यायचा असला तरी तो मंगलच्या हाती देतो. नाना त्याची चेष्टा करतात, "सुऱ्या, ये, हात लाव, करंट नाही लागत." तो हसल्यासारखं करतो आणि गॅलरीत जाऊन उभा राहतो.

दुपारी रोट भाजताना मंगल माझ्याजवळ सरकली. "ताई, तुम्हीच सांगा ना नानांना. हे तर तोंड उघडत नाहीत."

"सुरेश घेईल का चौरंग?"

"विचारलं ना मी. म्हणे, मना हातनं एक डाव व्हयनं ते पुरे." तिने रोट उलटला. "पण चुलत्यांकडच्या कोणाला घेऊ दिलं तर हे रडतील ताई. लहान पोरासारखं. मला माहीत आहे."

नेहा मध्येच म्हणाली, "मम्मी, ट्रॉली करू ना. फुलांनी मस्त सजवू. बाजूच्या सोसायटीवाले टेम्पोच करतात."

बाहेरच्या खोलीतून नानांचा आवाज आला. त्यांचे कान अजून मास्तरचेच आहेत. "कानबाई काय गॅसचा बाटला आहे, ट्रॉलीवर न्यायला?"

"नाना, तुम्ही ऐकत होता?" मी विचारलं.

"नाही. मी समया घासत होतो."

समया ते डाव्या हाताने घासत होते. त्या हाताच्या मनगटावर बारीक पांढरी खूण आहे, आणि तिच्यावर बोट ठेवलं तर साधी नाडी लागते, कोणाच्याही हाताला लागते तशी. डॉक्टर म्हणतात, त्या हाताने खुशाल काम करा. तो हात मोकळा झाला. किती महाग मोकळा झाला.

मी उपाय शोधलेले नाहीत असं नाही. तो माझा धंदाच आहे. नानांनी सोबत चालायचं आणि चौरंग सुरेशने घ्यायचा. किंवा नानांनी घरातून उंबऱ्यापर्यंत फक्त हात लावून द्यायचा आणि पुढे दुसऱ्याने. किंवा मीच घ्यायचा. बायकांनी नेल्याचं काही घरांतून ऐकलं आहे. पण तिन्हींच्या आधी एकच काम येतं. कोणीतरी नानांसमोर बसून म्हणायचं, की यंदा तुम्ही नाही, आणि यंदाच नाही असं नाही, यापुढेही नाही. मीठ सोडा म्हणणं सोपं होतं. मीठ त्यांना कोणी थोरला म्हणून दिलेलं नव्हतं.

थोड्या वेळापूर्वी आरतीची तयारी करताना मी बाहेर आले, तर नाना कानबाईसमोर उभे होते. बाह्या वर सरकवलेल्या. त्यांनी दोन्ही हात हळूहळू डोक्याच्या वर नेले, रिकामेच, चौरंगाच्या रुंदीचं माप धरून, आणि तसे थोडा वेळ ठेवले. उजव्या दंडावरची ती जाड शीर हात वर जाताना थोडी सपाट झाली, मग पुन्हा फुगली. हे मला दाराजवळून दिसलं. गॅलरीतून सुरेशलाही दिसलं. तो कठड्यापासून एक पाऊल आत आला आणि तिथेच थांबला, हात मागे घेऊन.

"बघ," नाना म्हणाले, कोणाला ते कळलं नाही. "जमतंय."

त्यांनी हात खाली घेतले, बाह्या नीट केल्या आणि माझ्याकडे वळले. चेहरा इतका प्रसन्न की मी माझे हात उगीच पदराला पुसले.

"बाई, माझं पिवळं धोतर काढलंस का? उद्या लवकर आंघोळ करतो."

सुरेश माझ्याकडे पाहत होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने नजर वळवली नाही, दोन वर्षांत पहिल्यांदाच. मीही नाही.

"काढते," मी म्हटलं.

धोतर कपाटात वरच्या कप्प्यात आहे, घडी घातलेलं, हाताशी. अजून काढलेलं नाही. यंदा तुम्ही नाही, हे सांगायचंही राहिलं आहे.